मधुभाऊ आणि अवैध दाखला

मधुभाऊ भोयरांना जगात सगळ्यात जास्त भीती कशाची होती, असं कोणी मला विचारलं तर मी पटकन सांगीन, चकरीची. संगणकावर किंवा मोबाईलवर फाईल जाताना ती जी गोल गोल फिरते ना, ती. सापाला हा माणूस भीत नव्हता. एकदा आमच्या ऑफिसच्या जिन्यात धामण निघाली तर त्यांनी तिला झाडूनं हळूच बाहेरची वाट दाखवली आणि वर येऊन चहा सांगितला. पण पडद्यावर चकरी फिरायला लागली की मधुभाऊ खुर्चीतून उठायचे, खिडकीपाशी जायचे, परत यायचे, खिशातला पेन काढायचे, पुन्हा खिशात ठेवायचे. "गेलं का? सोनल, पाय बरं, गेलं का?"

मी म्हणायची, "मधुभाऊ, ही आपली चाचणी आहे. फाईल खोटी आहे."

"आपल्यासाठी खोटी," ते म्हणायचे. "तिकडे जिची खरी असते, तिचं काय होऊन राह्यलं असन?"

आमचं ऑफिस म्हणजे वाशीमला अकोला नाक्याकडे जाताना एका कापड दुकानाच्या वरची खोली. दुकान आमच्या मालकांच्या, विनोदशेठच्या वडिलांचं. घराण्यात सगळ्यांनी साड्या आणि शर्टिंग विकलं, विनोदशेठला मात्र संगणकाचं खूळ लागलं. आम्ही कॉलेजांचे, वसतिगृहांचे ऑनलाइन अर्ज भरायचे पोर्टल बनवायचो. पडद्यावर लोकांना जे दिसतं ते मी करायची. मधुभाऊ पलीकडची बाजू सांभाळायचे, म्हणजे सर्व्हरची. तुम्ही मोबाईलवरून दाखल्याचा फोटो टाकता, तो लांब कुठंतरी ठेवलेल्या मोठ्या संगणकाकडे जातो. फोटो ठेवून घ्यायचा की दारातून परत पाठवायचा हे तो ठरवतो. परत पाठवला, तर काहून पाठवला हे माणसाला सांगायचं काम कोणाचं? बहुतेक ठिकाणी ते कोणाचंच नसतं. चकरी फिरते, थांबते आणि अर्ज पुन्हा कोरा होऊन समोर येतो. माणूस बसतो आपलं काय चुकलं ते शोधत. मला विचाराल तर हा शुद्ध चावटपणा आहे.

मधुभाऊ मूळचे छापखान्यातले. लग्नपत्रिका जुळवता जुळवता संगणकावर आले आणि पुढं वयाच्या चाळिशीत, पोरांसोबत क्लासला बसून प्रोग्रामिंग शिकले. बोलणं अस्सल वऱ्हाडी, पण लिहिताना ऱ्हस्वदीर्घाची एक चूक होऊ द्यायचे नाहीत. दुकानांच्या पाट्या वाचत चालायचे आणि वाटेत दुखावत जायचे. "'शुभ आर्शीवाद'! सांग आता. अशा आशीर्वादानं कोनाचं भलं होईन?"

छापखान्यात असताना त्यांनी रिसोडच्या एका लग्नाच्या पत्रिकांचा गठ्ठा एसटीच्या कंडक्टरजवळ दिला होता. गठ्ठा कुठं उतरला देवाला ठाऊक. नवरदेवाच्या मामाला पत्रिका मिळाली नाही, मामा लग्नाला आला नाही, आणि त्या दोन घरांचं जे बिनसलं ते बिनसलंच. मधुभाऊ ही गोष्ट अशी सांगायचे, जसा काही तो मामा काल रुसला. "पाठवलं म्हंजे पोचलं नसते, सोनल," हे त्यांचं पालुपद तेव्हापासूनचं. मी शनिवारी रिसोडला घरी गेले आणि पोचल्याचा फोन करायला विसरले, की ते माझ्या बाबांना फोन लावायचे. बाबा वैतागून म्हणायचे, "अहो भोयर, पोचली, जेवली अन् झोपली बी. तुमी झोपा आता."

चाचणी कशी करायची, हे मी त्यांच्याकडूनच शिकले. पण त्यांची पद्धत काही पुस्तकातली नव्हती. ते आधी कोणीतरी व्हायचे. "आता मी शेलूबाजारची पोट्टी हावो," असं जाहीर करायचे. मग खांदे पाडायचे, मोबाईल डोळ्यांच्या जवळ धरायचे आणि पुटपुटायला लागायचे. "बाबा बाजूले उभे हायेत. ते इचारून राह्यले, झालं का? मले तं काहीच दिसत नाही. लाल अक्षरं वर राह्यली असन, मी तं खाली हावो. आता मी काय करू?" मग एकदम मधुभाऊ होऊन माझ्याकडे वळायचे. "सोनल, संदेश वर कायले ठेवला वं? फाईल निवडायचं बटन जिथं हाय, त्याच्याच खाली पाहिजे. मानूस जिथं उभा हाय तिथं येऊन सांगावं लागते." विनोदशेठ हसून लोळायचे. "मधुभाऊ, तुम्ही नाटक मंडळी काढा." मला मात्र ती शेलूबाजारची पोट्टी दिसायची, खरंच दिसायची, आणि मी मुकाट्यानं संदेश खाली आणायची.

ते नाना प्रकारच्या फाईली टाकून पाहायचे. बैलाचा फोटो, विजेचं बिल, नाव बदललेलं गाणं, मराठीत नाव असलेली फाईल, अर्धवट गेलेली फाईल. सर्व्हरनं नाकारलं की कारण मराठीत दिसलं पाहिजे, हा त्यांचा हट्ट. आधी आमच्या पोर्टलवर इंग्रजीतून एकच ओळ यायची, काहीतरी बिघडलं, पुन्हा प्रयत्न करा. ती काढायला मधुभाऊ शेठशी महिनाभर भांडले. "काहीतरी म्हंजे काय? डॉक्टर असं म्हनते का, की तुमाले काहीतरी झालं, पुन्हा जन्म घ्या?" शेवटी शेठ म्हणाले, लिहा बाप्पा, तुम्हीच लिहा. आणि मधुभाऊंनी बसून सगळे संदेश शुद्ध मराठीत लिहून काढले. फाईल नाकारली गेली तर "फाईल अवैध आहे". शब्द त्यांनी सरकारी शब्दकोशातून काढला होता, अगदी खात्री करून. आम्ही सगळ्यांनी वाचला. छान वाटला. भारदस्त.

मग त्यांच्याच मनात आलं, अर्जात सहा-सात कागद लावावे लागतात. नुसतं "फाईल" म्हटलं तर कोणती, हे पोरीला कसं कळावं? म्हणून त्यांनी अशी सोय केली, की जो कागद नाकारला त्याचंच नाव ओळीत यावं. गुणपत्रिकेच्या वेळी गुणपत्रिका, फोटोच्या वेळी फोटो. केवढा आनंद झाला होता त्यांना त्या दिवशी! सगळ्यांना कचोरी खाऊ घातली.



एका संस्थेच्या नर्सिंग कॉलेजचे प्रवेश आमच्या पोर्टलवर सुरू होते. त्या वर्षी मृग कोरडा गेला होता, आर्द्राही तशाच चालल्या होत्या, ऊन वैशाखासारखं तापलेलं. अर्जाचा शेवटचा दिवस, संध्याकाळी पाचला दार बंद. मदतीचा फोन माझ्या टेबलावर होता आणि सकाळपासून वाजत होता. जेवणाच्या सुमारास एक फोन आला. पोरीचा आवाज, फार हळू, जसं काही कोणी ऐकेल म्हणून तोंडावर हात धरून बोलत होती.

"म्याडम, एक इचारू का? दाखला अवैध निघाला तं किती शिक्षा होते?"

मला आधी कळलंच नाही. "कसली शिक्षा? तुझं नाव काय?"

"पल्लवी." मग मागून बाईमाणसाचा आवाज आला, "नाव कायले सांगतं वं!" आणि फोन बंद झाला.

मी मधुभाऊंना हसत हसत सांगायला गेले. त्यांचा चेहरा पाहून हसू जागच्या जागी विरलं. त्यांनी अर्जांची नोंद उघडली. पल्लवी नावाचा एक अर्ज अर्धवट होता. सगळे कागद पोचलेले, एक सोडून. मोबाईलनं काढलेला तो फोटो आम्ही ठरवलेल्या मापापेक्षा मोठा, म्हणून सर्व्हरनं परत पाठवलेला. आणि त्या पोरीच्या पडद्यावर लाल अक्षरांत जी ओळ उमटली होती ती मधुभाऊंनी मोठ्यानं वाचली.

"जात प्रमाणपत्र अवैध आहे."

आमच्याकडे हा शब्द लोकांना माहीत आहे तो पेपरामुळं. अवैध दारू, अवैध रेती, त्यावर पोलिसांची धाड. आणि जातीच्या दाखल्यापुढं अवैध लागलं तर मग विचारूच नका. पडताळणीत कोणाचा दाखला अवैध ठरला, की त्याची नोकरी जाते, सरपंचाचं पद जातं, गुन्हा दाखल होतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. फोटो फक्त जड होता. आमचा संगणक मात्र त्या घराला सांगून बसला होता, की तुमचा दाखला खोटा आहे.

"फोन लाव," मधुभाऊ म्हणाले. लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. विनोदशेठनी संस्थेला मुदत वाढवता का विचारलं, ते म्हणाले शक्य नाही. मी म्हटलं, फोटो इथंच लहान करून आपण टाकू. मधुभाऊ डोकं धरून बसले. "फोटो हाय कुठी? सर्व्हरनं नाकारलं ते आपन ठेवतच नाही, बाई. दारातून परत गेलं ते गेलं." आणि उठले. "गाडी काढ."

अर्जावर पत्ता होता, मंगरूळपीरच्या पुढं, डांबरी सोडून आत टेकडीआडचं गाव. मधुभाऊंना गाडी चालवता येत नव्हती. मी स्कूटी चालवत होते, ते मागं बसून लॅपटॉपची पिशवी छातीशी धरून. एरवी मी जरा जोरात घेतली तर ओरडणारा माणूस त्या दिवशी "जोरात घे वं, जोरात घे" म्हणत होता. वाटेत एका पुलापाशी ट्रकांची रांग लागली तेव्हा ते उतरून पायीच निघाले होते, मी हाक मारून परत आणलं. मला राहून राहून वाटत होतं, पोरीनं जिवाचं काही बरंवाईट तर केलं नसेल ना? दोघांच्या मनात तेच होतं, हे दोघांनाही माहीत होतं.

गावात घर दाखवायला कोणी तयार होईना. पिशवीवाला माणूस पाहून बाया दारं लोटून घेत होत्या. शेवटी एका म्हातारीनं मानेनंच खूण केली. दारात बाई उभी होती, पदर कमरेला खोचलेला. पल्लवीची आई, तुळसाबाई. ऊसतोडीला जाऊन आलेल्या बाईचे हात असतात तसे हात. मधुभाऊंनी पल्लवीचं नाव घेतलं मात्र, ती म्हणाली, "इथं कोनी पोरगी-बिरगी राह्यत नाही."

तिच्या मागं दोरीवर ज्युनिअर कॉलेजचा गणवेश वाळत होता.

"माय, आमी पोलीस नाही," मधुभाऊ म्हणाले.

"मंग कोन हा तुमी?"

मधुभाऊ अडखळले. मला तो क्षण चांगला आठवतो. "आमी... कंपूटरकडून आलो. कंपूटरचं चुकलं. तुमचा दाखला खरा हाय. फोटो जड झाला म्हनून त्यानं परत केला, बस, तेवढंच."

"फोटो जड कसा होते?" तुळसाबाईनं त्यांना असं पाहिलं, जसं गावात चूर्ण विकायला आलेल्या माणसाला पाहतात.

मधुभाऊंनी उंबऱ्याकडे बोट दाखवलं. "तुमचं गाठोडं या दारातून आत गेलं नाही, तं ते गाठोडं चोरीचं होते का? दार लहान हाय. गाठोडं तुमचंच हाय."

हे तिला पटलं. पटलं ते चेहऱ्यावर दिसलंच, पण त्याचबरोबर तिचा रंग उडाला. ती मटकन खाली बसली. "खरा हाय म्हंता?"

"खरा हाय."

"मंग म्या काय केलं हे!" तिनं दोन्ही हात डोक्याला लावले.

आतून पल्लवी बाहेर आली. डोळे सुजलेले. तिनंच सांगितलं. सकाळी ती लाल अक्षरं दिसली तेव्हा बाबांनी शेजारच्या एका शहाण्याला दाखवली. तो पुण्याला राहून आलेला, त्यामुळं गावात त्याचा शब्द मोठा. तो म्हणाला, खोटा दाखला घरात सापडला तर घरधन्याला आत घालतात, मोबाईल बंद ठेवा, नंबरावरून माणूस सापडते. बाबा तसेच जीप पकडून वाशीमला निघाले, कोण्यातरी साहेबाच्या पाया पडायला. आणि ते गेल्यावर आईनं दाखला चुलीत घातला. नवऱ्याला वाचवायला. आजेसासऱ्याच्या नोंदी हुडकून, कितीतरी चकरा मारून मिळालेला दाखला.

मधुभाऊ तिथंच अंगणात, मातीत बसले. पन्नाशी ओलांडलेला माणूस, इस्त्रीची पँट, आणि फतकल मारून मातीत. मला रडू आलं आणि रागही आला. कोणाचा राग, ते नाही सांगता येत. त्या शहाण्याचा, कॉलेजचा, उन्हाचा, सगळ्यांचाच.

"फोटो?" मधुभाऊंनी विचारलं. "मोबाईलमधला फोटो तरी हाय का, बेटा?"

पल्लवीनं आईकडे पाहिलं. "आई म्हने पुसून टाक. म्या हो म्हनलं." आणि मग मान खाली घालून म्हणाली, "पुसला नाही."

मोबाईल तुरीच्या डाळीच्या डब्यात, तळाशी होता. तुळसाबाईनं डाळ भसाभसा सुपात ओतली. मोबाईल सुरू झाला. फोटो होता. स्वच्छ, चारी कोपरे दिसणारा, शिक्का वाचता येणारा. सर्व्हरनं जो घेतला नव्हता, तोच आता त्या घरात उरला होता.

गावात रेंज फक्त पाण्याच्या टाकीपाशी. आम्ही चौघं तिकडे निघालो, मागं अर्धं गाव. मधुभाऊंनी मोबाईलला हात लावला नाही. पल्लवीला म्हणाले, "त्या फोटोचा स्क्रीनशॉट काढ. लहान होते. आता तो टाक. तूच टाक." तिनं बटन दाबलं. चकरी सुरू झाली.

मधुभाऊंनी पाठ फिरवली आणि टाकीच्या भिंतीला दोन्ही हात टेकून उभे राहिले. चकरी फिरतच होती. रेंजची एक काडी जात होती, येत होती. एक म्हातारा म्हणाला, मोबाईल वर धरा. पल्लवीनं दोन्ही हातांनी वर धरला. आता पडदा कोणालाच दिसेना. तुळसाबाई डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होती. पाच वाजायला आले होते आणि ते मी कोणाला सांगत नव्हते.

"खाली घे," शेवटी मीच ओरडले. तिनं खाली घेतला. हिरवी अक्षरं होती. जात प्रमाणपत्र मिळाले. मग अर्ज जमा झाल्याची ओळ. पल्लवी मोठमोठ्यानं रडायला लागली आणि मागचं अर्धं गाव विचारायला लागलं, "काय झालं? पकडलं का?"

परतताना वाशीमच्या जवळ आल्यावर मधुभाऊ म्हणाले, "म्या तिले कंपूटरचं चुकलं म्हनून सांगतलं." मी म्हटलं, मग काय सांगायचं होतं, घाईच्या वेळी?

दुसऱ्या दिवशीपासून मधुभाऊ ते सगळे संदेश घेऊन गावभर फिरले. भाजीवालीला वाच म्हणायचे, रिक्षावाल्याला वाच म्हणायचे, खालच्या दुकानात साडी घ्यायला आलेल्या बायांना थांबवायचे. "हे वाचून तुमाले काय वाटलं? भेव वाटलं का?" लोक त्यांना टाळायला लागले. मोठ्या शेठनी, विनोदशेठच्या वडिलांनी, तक्रार केली, गिऱ्हाईक पळवतो हा माणूस. शेवटी त्यांनी लिहिलं: "तुमचा दाखला अजून कोणी तपासलेला नाही. फक्त त्याचा फोटो मोठा आहे, म्हणून इथपर्यंत आला नाही. लहान करून पुन्हा टाका. बाकी अर्ज जसाचा तसा आहे." विनोदशेठ म्हणाले, एवढं मोठं कोण वाचेल? मधुभाऊ म्हणाले, "जिचा जीव टांगनीले लागला ती वाचन." शब्दकोश त्यांनी माझ्या टेबलावर आणून ठेवला आणि परत मागितला नाही.

यादी लागली. पल्लवीचं नाव होतं. पण प्रवेशाच्या वेळी कागद मूळचे दाखवावे लागतात, नुसत्या फोटोवर कोणी आत घेत नाही. म्हणजे जळलेल्या दाखल्याची दुसरी प्रत काढणं आलं, आणि तीही मुदतीत. पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव वर-खाली नको. प्रत मिळाली, वेळेत मिळाली, आणि पल्लवी आता दुसऱ्या वर्षाला आहे. सुई टोचायला हात कापत नाही म्हणते.

पण मधुभाऊ मला आठवतात ते त्या प्रतीच्या अर्जाच्या दिवशीचे.

तालुक्याच्या कचेरीतली एक खिडकी. रांगेत तुळसाबाई, तिच्या मागं आम्ही दोघं. पल्लवीच्या बाबांना मजुरीचा दिवस मोडता आला नव्हता. मधुभाऊ आदल्या दिवसापासून अस्वस्थ, सगळे कागद पुन्हा पुन्हा तपासत होते. खिडकीतला माणूस काही वाईट नव्हता, थकलेला होता. त्यानं विचारलं, "मूळ दाखला कुठं आहे?"

तुळसाबाईनं आमच्याकडे वळून पाहिलं.

"हरवला का? हरवला असं लिहू?"

खोटं बोलायला तिची जीभ रेटेना. "जाळला," ती हळूच म्हणाली.

"जाळला? काहून?"

"कंपूटर म्हने, खोटा हाय."

खिडकीतला माणूस हसला. मनापासून हसला, त्यात कुचकेपणा नव्हता. "अवो बाई, कंपूटर कधी असं म्हनते का?" मग रांगही हसली. कोणी म्हणालं, हिच्या घरचा कंपूटर बोलते बापा. तुळसाबाईची मान खाली गेली. तिनं पदर पुढं ओढला.

आणि मधुभाऊ रांग सोडून पुढं गेले. खिडकीच्या गजाला धरून म्हणाले, "म्हनला होता, साहेब. ही बाई खरं सांगते. तसंच लिहून आलं होतं. म्या लिहिलं होतं."

हसणं थांबलं. तो माणूस मधुभाऊंकडे पाहत राहिला. पण मधुभाऊ त्याच्याकडे पाहत नव्हते. ते तुळसाबाईकडे पाहत होते, मार खायला उभं राहिल्यासारखे. तिला हे आत्ताच कळत होतं. टाकीपाशी तिच्या लेकीसाठी भिंतीला हात टेकून उभा राहिलेला, प्रतीच्या अर्जासाठी दोनदा गावात येऊन गेलेला हा भला माणूस, आणि ती लाल अक्षरं लिहिणारा, एकच.

तुळसाबाईनं पदर मागं सारला. त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. चिडली नाही, रडली नाही.

"तरीच म्हनलं," ती म्हणाली, "येवढ्या उनात परका मानूस आपल्या दारात कायले येईन."

एवढं बोलून ती खिडकीकडे वळली आणि सही कुठं करायची ते विचारायला लागली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मला नागपूरला नोकरी लागली, आणि मधुभाऊंनीही ते काम सोडलं असं कानावर आलं. पुन्हा भेट झाली नाही. त्या दिवशी कचेरीतून मी स्कूटी काढायला बाहेर आले आणि वळून पाहिलं, तेव्हा तुळसाबाईचं काम आटोपलं होतं. मधुभाऊ अजून त्या गजाला धरून होते. मागचे लोक त्यांना वळसा घालून खिडकीशी जात होते. मी हाक मारली, पण त्यांना ती ऐकू गेली नाही.